माशांची गळकी पेटी

आमच्या घरात निर्णय कुणी घेत नसे. ते पडून राहत आणि एक दिवस आपोआप लागून जात. गॅलरीला जाळी बसवायची की नाही, आईच्या दुखऱ्या दाढेचं काय करायचं, मला सायन्सला घालायचं की कॉमर्सला, सगळ्याला अण्णांचं एकच उत्तर असे, "बघू." अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. त्यांची अर्धी नोकरी कालव्यांची गळती मोजण्यात गेली. सरकारी पाण्याबद्दल ते पानंच्या पानं लिहीत, आणि घरातल्या पाण्याचा नळ बदलायला सांगितला की चष्मा काढून पुसत बसत. पण त्या माशांच्या पेटीइतका लांबलेला निर्णय आमच्याही घरात दुसरा झाला नाही. भिजत घोंगडं म्हणतात ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तेही माझ्या अभ्यासाच्या टेबलावर, माझ्या बारावीच्या वर्षी. आज इतकी वर्षं उलटली तरी ते आठवलं की पहिल्यांदा मला राग येतो. बाकीचं सगळं रागाच्या मागून येतं.

पेटी आली ती तात्यांसाठी. तात्या म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. सायखेड्याला त्यांची द्राक्षबाग होती. पोरबाळ नव्हतं. तात्या आणि काकू दोघं मिळून बाग करत, आणि खरं सांगायचं तर बाग काकूच जास्त करत. वेलीवर बुरशी आली की ती तात्यांच्या आधी काकूंना दिसायची. पान उलटं करून अंगठ्यानं चोळायच्या आणि म्हणायच्या, "आली बघा ही." त्या वर्षी बागेतली द्राक्षं उतरवून झाली आणि पंधरा दिवसांत काकू गेल्या. बसल्या जागी, काही कुणाला कळायच्या आत. तात्यांनी बाग वाट्याने देऊन टाकली आणि अण्णांनी त्यांना "आठ दिवस चल" म्हणून नाशिकला, गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. आठ दिवसांचे तीन महिने झाले. तात्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायचे, खालची वाहनं बघायचे, आणि दिवसभरात तीन शब्द बोलायचे. हूं, नको, आणि असू दे. जेवायला त्यांना बाजरीची भाकरी लागते म्हणून आई रोज दोन वेगळ्या भाकरी थापायची. त्यातली एक ते खायचे, दुसरी तशीच परत यायची. आई ती परत आलेली भाकरी ओट्यावर ठेवून तिच्याकडे बघत उभी राहायची.

आई तात्यांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. थोरल्या दिराशी धाकट्या सुनेनं थेट बोलायचं नाही, डोक्यावरून पदर ढळू द्यायचा नाही. गावात ते खपून जायचं, तिथं घरात दहा माणसं असत. आमच्या दोन खोल्यांच्या घरात मधलं माणूस मी एकटीच होते. तात्या तीन हातांवर बसलेले असायचे आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, "नंदा, तात्यांना विचार चहा टाकू का." मी पुस्तकातून मान वर करून म्हणायची, "तात्या, चहा टाकू का." ते म्हणायचे, "नको." मी म्हणायची, "नको म्हणतात." हे सगळं तिघांनाही पहिल्यापासून ऐकू आलेलं असायचं. वर्गातल्या मुली क्लासला जात होत्या आणि मी घरात पोस्टमनकी करत होते.

अण्णांना ऑफिसात कुणीतरी सांगितलं की दुखावलेल्या माणसाला बघायला काहीतरी हलतं द्यावं. आमच्या कॉलनीतल्या एका बँकेच्या साहेबांची बदली झाली होती आणि ते घरातलं सामान काढत होते. एका रविवारी हातगाडीवरून ती पेटी आली. तीन फूट लांब, जाड काचेची, कडांना पिवळं पडलेलं सिलिकॉन, आत तळाशी रंगीत खडे. तिचं वजन पेलेल असं घरात एकच टेबल होतं, माझं, सागवानी. त्याच्या शेजारीच हवेच्या पंपाला लागणारा प्लगही होता. "तात्पुरतं," अण्णा म्हणाले. माझी पुस्तकं पलंगावर गेली ती चार महिने तिथंच राहिली. सोबत चार गोल्डफिश आले, तीन केशरी आणि एक काळा. तात्यांनी खुर्ची खिडकीकडून टेबलाकडे फिरवली. बोलले मात्र काही नाहीत.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर टेबलाच्या खणात राहिलेल्या माझ्या फिजिक्सच्या वहीची पानं फुगली होती. पेटी गळत होती. अण्णा वाकून कोपरा बघत होते, बोट लावून बघत होते. आई दारात फडकं घेऊन उभी. आणि मागून आवाज आला, "बाळू, कोपऱ्यातून नाय गळत ते. खालच्या सांध्यातून गळतंय, अन् टेबलाच्या पट्टीवरून सरकत कोपऱ्यात येतंय. मी सकाळधरनं बघतोय." आम्ही तिघंही वळलो. तात्या खुर्चीतून उठून उभे राहिले होते. तीन महिन्यांत त्यांनी सलग बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि ते गळतीबद्दल होतं. अण्णांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

त्या संध्याकाळी निर्णय झाला असता तर हे प्रकरण मी लिहिलंच नसतं. प्रश्न सोपा होता. जुनं सिलिकॉन खरवडून नवं भरायचं, नाहीतर पेटी भंगारात देऊन नवी आणायची. आई नव्या पेटीच्या बाजूची. "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," ती म्हणायची. कॉलेजच्या वाटेवर माशांचं एक दुकान निघालं होतं, तिथं जाऊन ती पेटी बघूनही आली होती, झाकणासकट. तात्या दुरुस्तीच्या बाजूचे. काच चांगली आहे, जाड आहे, अशी काच आता मिळत नाही, सांधा गेला म्हणून कुणी घर पाडतं का, असं त्यांचं म्हणणं. आणि अण्णा दोन्ही बाजूंचे. सकाळी तात्यांना म्हणायचे, "खरंय, काच जाड आहे." रात्री आईला म्हणायचे, "खरंय, जुनं ते जुनंच." मग रोज सकाळी आंघोळीआधी पेटीवर पाण्याच्या पातळीची खडूनं रेघ मारायचे आणि ऑफिसच्या जुन्या डायरीत टिपून ठेवायचे. धरणावर करतात तसं. "गळतीचा कल कळल्याशिवाय निर्णय घेता येत नाही," ते मला म्हणाले. मी म्हटलं, कल खालच्या बाजूला आहे. त्यावर ते हसले नाहीत.

मधल्या काळात जे उपाय झाले ते सांगताना अजून माझं डोकं फिरतं. बाहेरून साबण चोळला. बाहेरून खिडकीच्या काचेला भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, लावली. बाहेरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. पाणी आतून येतंय हे सगळ्यांना माहीत होतं, पण आतून काही करायचं तर पेटी रिकामी करायला हवी, आणि रिकामी करायची तर निर्णय व्हायला हवा. आल्यागेल्या पाहुण्यांना तर उंटावरून शेळ्या हाकायला निमित्तच मिळालं. एकजण डांबर सुचवून गेला, एकजण मेण, आईच्या मावशीनं उडदाचं पीठ सुचवलं. तात्या प्रत्येकाशी वाद घालायचे. डांबरवाल्याशी ते तासभर बोलले. दरम्यान टेबलाखाली परात, परातीत पोतेरं, आणि मी पलंगावर मांडी घालून गुडघ्यावर वही ठेवून केमिस्ट्री करतेय, मागं टप, टप, टप.

ते टेबल अजून माझ्याकडे आहे. वरती पाण्याचे पांढरे डाग आहेत, एका बाजूचं लाकूड फुगलंय. मुलगा म्हणतो, पॉलिश करून घे नाहीतर टाकून दे. मी म्हणते, बघू. म्हटल्यावर माझं मलाच हसू येतं.

पण बदल होत होता, आणि मी इतकी चिडलेली होते की तो मला दिसत नव्हता. तात्यांनी माशांना नावं दिली. द्राक्षवाला माणूस कसली नावं देणार, द्राक्षांच्या वाणांचीच. मोठा केशरी थॉमसन, लांबुडका सोनाका, गोटीसारखा माणिक चमन, आणि काळा तो शरद. "शरद आज खात नाय," ते जेवताना सांगायचे. दुसरी भाकरी परत येणं कधी थांबलं ते मला आठवत नाही. एक दिवस आई पोळ्या लाटत होती आणि तिला दारातून दिसलं की पाणी पट्टीवरून सरकत प्लगच्या बोर्डाकडे चाललंय. मी घरात नव्हते. आई ओरडली, "तात्या, बटण बंद करा, पाणी बोर्डावर चाललं." तात्यांनी बटण बंद केलं आणि म्हणाले, "केलं, तारा." मी आले तेव्हा दोघं पेटीच्या दोन बाजूंना उभं राहून भांडत होते, आईचा पदर खांद्यावर होता आणि ती म्हणत होती, "तात्या, तुमचं सगळं बरोबर, पण माझं घर पाण्यात गेलं." माझी पोस्टमनकी त्या दिवशी सुटली. तरी मला त्याचं काही वाटलं नाही. मला फक्त टेबल हवं होतं.

सप्टेंबरात चाचणीचे मार्क आले. फिजिक्सचा पेपर मी घरच्यांना दाखवला नाही. त्याच आठवड्यात अण्णा आठ दिवस दौऱ्यावर गेले. मी ठरवलं, आता बास. कॉलेजातून येताना हार्डवेअरच्या दुकानात शिरले आणि काचेला लावायचं सिलिकॉन मागितलं. दुकानदारानं दोन नळ्या ठेवल्या. एक साधी. दुसरीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही भारी आहे. बाथरूमला हीच नेतात. हिला बुरशी लागत नाही." मी क्षणभरही विचार केला नाही. बुरशी लागत नाही. आमच्या सायखेड्याच्या घरात याहून मोठी स्तुती नव्हती. बुरशीनं बाग गेलेली मी पाहिली होती, औषध फवारायच्या दिवसांत काकू जेवायला विसरायच्या हे पाहिलं होतं. ज्याला बुरशी लागत नाही ते चांगलंच असणार. मी भारी नळी घेऊन घरी आले.

तात्या म्हणाले, "बाळूला येऊ दे." मी म्हटलं, "अण्णा आले की पुन्हा बघू म्हणतील." ते उठले. मग सदरा काढून ठेवला, बाह्यांची बंडी घातली आणि कामाला लागले. मासे कपडे भिजवायच्या टबात गेले. पेटी आम्ही दोघांनी धरून गॅलरीत नेली, आडवी केली. तात्यांनी दाढीच्या पात्यानं जुनं सिलिकॉन खरवडायला घेतलं. छाटणीला सरावलेला हात, एक चरा काचेला पडला नाही. काम करता करता बोलत होते. वेलीच्या कोणत्या डोळ्यावर कात्री मारायची, काडी पिकली हे कसं ओळखायचं, पहिली बाग लावली तेव्हा मांडवाला तार कुठून आणली. दोनदा बोलता बोलता त्यांनी मागं वळून पाहिलं, जसं कुणाला तरी साक्षीला बोलावतायत, आणि पुन्हा खाली बघून पातं चालवलं. मी नळी दाबत गेले, ते बोटानं सांधा सारखा करत गेले. इतका सरळ सांधा मी नंतर कारागिराच्या हातचाही पाहिला नाही.

वास जायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी पाणी भरलं. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं, ते संध्याकाळपर्यंत कोरडं. तात्या म्हणाले, "आधी एकच सोडू. नवीन औषध पयलं एका ओळीवर मारून बघावं." मी म्हटलं, "तात्या, टब धुण्याला पाहिजे, सोडा ना एकदाचे." पोरीचं मन मोडायचं नाही म्हणून त्यांनी चारही सोडले. रात्री अण्णा दौऱ्यावरून आले, बूट न काढताच पेटीसमोर उभे राहिले. परात नाही, पोतेरं नाही. "झालं का," एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. त्यांचा चेहरा उतरला होता आणि मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी थॉमसन वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला. तात्यांनी पाणी बदललं. संध्याकाळी माणिक चमन आडवा झाला. रात्रीपर्यंत तिघं गेले. शरदला आईनं पोह्यांच्या झाऱ्यानं काढून टबात टाकला म्हणून तो वाचला. तात्यांनी तिघांना गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरलं, हात धुतले आणि खुर्ची पुन्हा खिडकीकडे फिरवली. सकाळी मी विचारलं, "तात्या, चहा?" ते म्हणाले, "नको." दुपारी एक भाकरी परत आली. दुसऱ्या दिवशीही आली. पेटी माझ्या टेबलावर रिकामी, कोरडी ठणठणीत.

तिसऱ्या दिवशी मी अण्णांना गॅलरीत गाठलं आणि जे साठलं होतं ते सगळं काढलं. तुम्ही वेळेत ठरवलं असतं तर हे झालं नसतं, चार महिने एक पेटी तुम्हाला दुरुस्त करता आली नाही की फेकता आली नाही, इंजिनिअर कसले तुम्ही. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नंदा, तो सांधा मला पहिल्या रविवारी भरता आला असता. पण तात्या तीन महिन्यांत जेवढं बोलला नव्हता तेवढं त्या गळतीवर एका दिवसात बोलला. मी विचार केला, गळू दे." मला आधी समजलंच नाही. मग डायरी आठवली, खडूच्या रेघा आठवल्या, रात्री आईच्या बाजूनं आणि सकाळी तात्यांच्या बाजूनं बोलणं आठवलं. "आईला माहीत होतं?" मी विचारलं. "नाही. तिला सांगितलं असतं तर ती इतकी मनापासून भांडली नसती," अण्णा म्हणाले. माणसानं एवढं शहाणपण करावं आणि एका शब्दानं सांगू नये, याचा मला आजही संताप येतो. मीही त्या घरातच राहत होते ना.

टेबल आवरताना ती नळी सापडली. मागं बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की माशांच्या पेटीला वापरू नये. बुरशी मारायचं औषध सिलिकॉनमध्येच मिसळलेलं होतं. मी नळी हातात घेतली. मग तात्यांसमोर जाऊन बसले आणि वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं. म्हटलं, "तात्या, मासे तुमच्या हातानं नाही गेले. मी ही आणली. दुकानदार म्हणाला बुरशी लागत नाही, म्हणून आणली." मला रडू फुटलं होतं.

तात्यांनी नळी घेतली, उलटीसुलटी केली. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. आवाज न करता, पोट धरून. "बुरशी लागत नाय म्हणून आणली," ते म्हणाले. "नंदे, तुझी काकू असती ना, तिनं पण हीच आणली असती. दोन आणल्या असत्या." काकू गेल्यापासून त्यांनी काकूंचं नाव काढलं नव्हतं. मग हसता हसता ते खरंच रडले, आणि आई स्वयंपाकघरातून येऊन त्यांच्याजवळ खाली बसली. थोड्या वेळानं डोळे पुसून ते म्हणाले, "एका ओळीवर मारून बघायला पाहिजे व्हतं. ती चूक माझी हाय. तू नको घेऊ ती." त्या दिवशी त्यांनी दोन्ही भाकरी खाल्ल्या आणि रात्री अण्णांना सांगितलं, "छाटणी आली. वाटेकऱ्याच्या हातानं नाय करायची मला यंदा. मी जातो."

आईनं कुणाला न विचारता दुसऱ्याच दिवशी ती झाकणवाली नवी पेटी आणली आणि शरदला तिच्यात सोडलं. शरद पुढे बरीच वर्षं जगला, आणि ती पेटी ओट्याशेजारी होती, माझ्या टेबलावर नाही.

गावचा टेम्पो नाशिकला भाजी टाकून रिकामा परत चालला होता, त्यात तात्यांचं गाठोडं चढलं. त्यांनी जुनी पेटीही मागितली. "कलमं लावायला बरी हाय. बुरशी लागत नाय म्हणं," माझ्याकडे बघून म्हणाले. मी आणि अण्णांनी ती पोत्यात गुंडाळून मागे ठेवली. तात्या पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. टेम्पो सुरू झाला तसं त्यांनी अण्णांना हातानं जवळ बोलावलं. अण्णा दाराशी गेले. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"बाळू," तात्या म्हणाले, "तुला सांधा भरता येतो हे मला ठाव हाय. पोहायच्या विहिरीचा तूच भरला व्हतास. पुढल्या टायमाला मी गप बसलो, तर अशीच गळकी बघून आण."

अण्णांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडत नव्हता.